कंदील

१९८२ च्या गिरणी संपात वडील मुंबईहून गावी आले ते परत गेलेच नाहीत. जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा महिनाभरात मिटेल म्हणून त्यांनी ट्रंकसुद्धा आणली नव्हती. दिवाळीला ट्रंक आली आणि पुढच्या शिमग्याच्या सुमारास पन्नास पिल्लं. वीस वर्षं गिरणीत साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला कोंबड्यांचं काय ठाऊक? भोंग्याची सवय अंगात मुरलेली. पिल्लांना दाणा-पाणी घड्याळ बघून घालायचे. शेजारचे आबा कट्ट्यावरून हाळी द्यायचे, "काय मुंबैकर, कोंबड्यास्नी आज फस्ट पाळी का शेकन?" सगळा कट्टा हसायचा. वडीलही हसायचे, पण घरात आल्यावर बोलायचे नाहीत.

उन्हाळ्यात मानमोडी आली. चार दिवसांत अडतीस कोंबड्या गेल्या.

पुढं मी शिकायला मुंबईला गेलो. फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत एक इंग्रजी पुस्तक दिसलं, 'द एग अँड आय'. मला वाटलं, अंड्यांच्या धंद्याचं पुस्तक आहे, वडिलांना वाचून दाखवू. खोलीवर येऊन डिक्शनरी घेऊन बसलो, तर ती एका बाईची कहाणी निघाली.

बेटी मॅकडोनाल्ड तिचं नाव. १९२७ च्या सुमारास लग्न करून ती नवऱ्याबरोबर अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक द्वीपकल्पावर कोंबड्या पाळायला गेली. वीज नाही, नळ नाही, पाणी बादल्यांनी वाहायचं. चूल अशी हट्टी, की बाईनं तिला पुस्तकातलं एक पात्रच करून टाकलं. पिल्लांचा तिला मनापासून तिटकारा. हे सगळं तिनं हसत हसत लिहिलं. १९४५ साली पुस्तक आलं आणि वर्षाच्या आत दहा लाखांवर प्रती खपल्या. १९४७ साली क्लोडेट कोलबेर आणि फ्रेड मॅकमरे यांना घेऊन सिनेमा निघाला.

मग टीव्हीची पाळी आली. सप्टेंबर १९५१ मध्ये सीबीएस वाहिनीवर याच नावाची मालिका सुरू झाली. पॅट्रिशिया कर्कलंड बेटी झाली, जॉन क्रेव्हन नवरा झाला. आठवड्याचे पाच दिवस, भर दुपारी, पाव पाव तास. शहरातली पोरगी कोंबड्यांत आली की कशी फजिती होते, ते रोज दाखवायचं. ऑगस्ट १९५२ मध्ये मालिका बंद झाली. एक वर्षही धड भरलं नाही. त्याच वाहिनीवर सप्टेंबर १९५१ मध्येच सुरू झालेली 'सर्च फॉर टुमॉरो' ही कौटुंबिक मालिका १९८६ पर्यंत चालली. मला वाटतं, कुटुंबाची दुखणी रोज नवी निघतात, फजितीचा झरा लवकर आटतो.

आणि या बाईचं खरं दुखणं कथेत आलंच नव्हतं. १९३१ साली दोन लहान मुली घेऊन ती नवऱ्याला सोडून सिॲटलला माहेरी आली होती. पुढं घटस्फोट झाला. मॅकडोनाल्ड हे नाव दुसऱ्या नवऱ्याचं. तरी सिनेमात कोंबड्या पाळणारा नवराही बॉब मॅकडोनाल्डच! मोडलेला संसार त्या नावाखाली झाकला गेला.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. पुस्तकात केटल नावाचं एक गबाळं, पोरवड्याचं, उसनं मागत फिरणारं कुटुंब आहे. लोकांना ते इतकं आवडलं की 'मा अँड पा केटल' यांचे वेगळे सिनेमे निघाले आणि १९५७ पर्यंत निघत राहिले. शहरातलं जोडपं मागं पडलं, शेजारी पुढं गेले. तिथल्या एका कुटुंबाचं म्हणणं पडलं, की हे आमच्यावरच बेतलंय, आमची बदनामी झाली. १९५१ च्या फेब्रुवारीत सिॲटलच्या कोर्टात खटला उभा राहिला. बेटीनं पात्रं काल्पनिक असल्याचं सांगितलं. त्या घरातले काही जण स्वतःच केटल म्हणून मिरवल्याचंही साक्षीत आलं. ज्यूरीनं निकाल बेटीच्या बाजूनं दिला. त्याच वर्षी मालिका टीव्हीवर आली. तिथल्या आदिवासी शेजाऱ्यांबद्दल तर बाईनं पुस्तकात फारच हिणकस लिहिलंय.

पुढं १९६५ मध्ये सीबीएसनंच 'ग्रीन एकर्स' आणली. न्यूयॉर्कचा वकील बायकोला घेऊन शेती करायला जातो. तिथं मात्र गंमत उलटी फिरवली होती. गावात टीव्ही बघणारं डुक्करही सगळ्यांना मान्य, खुळा ठरतो तो कोट घालून ट्रॅक्टर चालवणारा वकील. ती १७० भाग चालली. १९७१ मध्ये वाहिनीनं एका झटक्यात गावाकडच्या बहुतेक मालिका बंद केल्या. जाहिरातदारांना शहरातला तरुण प्रेक्षक हवा होता. गावाकडं हसायचं कधी आणि थांबायचं कधी, हे शेवटी शहरानंच ठरवलं.

हे सगळं वाचून मी शहाणा झालो म्हणावं, तर तसं नाही. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी 'फस्ट पाळी'ची गोष्ट लिहिली. आबांना असं रंगवलं, की वाचणारा पोट धरून हसावा. पुष्कळ पत्रं आली. गावी गेलो तर आबांच्या नातवानं अंक त्यांना वाचून दाखवलेला. आबा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "समदं खरंय. पर कंदील न्हाई लिव्हलास."

मानमोडीच्या त्या चौथ्या रात्री आबा कंदील आणि कुदळ घेऊन आमच्या दारात आले होते. वडील खुराड्यापाशी नुसते बसून होते. "ऊठ. कुत्री वढत्याल," एवढंच बोलले. ओढ्यापलीकडं दोघांनी मिळून खड्डा खणला आणि कोंबड्या पुरल्या. मी कंदील धरून उभा होतो. परतताना आबांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला होता. लेखात ते हसण्यासारखं नव्हतं, म्हणून मी गाळलं.

आबा आता नाहीत. लेख या पुस्तकात घेताना संपादक म्हणाले, जुनाच छापू, लोकांना आवडलेला आहे. मी नको म्हणालो आणि हा लिहून दिला.