एकच ताट : गिरणगावातील खाणावळींचा हिशोब

गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी संप लिहिले, मालक लिहिले, चाळी आणि भजनी मंडळेही लिहिली. खाणावळ मात्र बहुधा कुठल्यातरी परिच्छेदाच्या शेवटी उरते. ‘गरम वरणभात वाढणारी मायमाउली’ एवढ्यावर तिची बोळवण होते. मला या मायेपेक्षा तिच्या हिशोबाचे कुतूहल अधिक आहे.

कावसजी दावर यांची मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेले बहुसंख्य कामगार एकटे होते. बायकामुले गावी, शेतीवर. मुंबईच्या कामगार कार्यालयासाठी फिंडले शिराज यांनी केलेल्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीचा अहवाल १९२३ मध्ये निघाला. त्यात एकट्या पुरुषांचा खर्च वेगळा मांडावा लागला, यातच सारे आले.

या माणसांना गिरणीत पगार महिन्याने मिळे, आणि तोही पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर. म्हणजे नव्या कामगाराला पहिला पैसा हाती पडेपर्यंत दीड महिना उधारीवर जेवणे भाग होते. ही उधारी चाळीतली, बहुधा त्याच्याच मुलखातली बाई देत असे. तिच्याकडे भांडवल नाही, पुष्कळदा अक्षरओळखही नाही. तिला हे जमे कसे?

माझ्या मते याचे उत्तर ताटात आहे. आज जी भाजी, तीच सगळ्यांना. समजा वीस मेंबर आहेत. प्रत्येकाने आपापल्या आवडीचे मागितले असते, तर कोणी काय खाल्ले याची वही ठेवावी लागली असती, भाजी उरली असती, दहा बाय बाराच्या खोलीत दुसरी चूल मांडावी लागली असती. ताट एकच असल्यामुळे डोकी मोजली की हिशोब झाला. गावी गेलेल्याचा ‘खाडा’ धरायचा, बाकी दर ठरलेला. पीठ-तांदूळ दर महिन्याला तेवढेच लागणार हे ठाऊक असल्याने वाणीही तिला उधार देई. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, की पंगत बसे आणि उठे. कोणाला काय हवे हे विचारण्यात वेळ जात नसे. हॉटेलांतल्या राईसप्लेटचे गणित याच जातीचे आहे.

मग कामगाराला निवड नव्हतीच का? होती, पण ती ताटाशी नव्हे, दाराशी होती. मासळी-भात हवा की भाकरी, हे खाणावळ धरतानाच ठरे. अर्थात हे दारही सर्वांना सारखे उघडे नव्हते. गाव आणि जात पाहूनच पंगत बसत असे, हे विसरून या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

१९७४ च्या गिरणीसंपात पगार बंद असताना या बायकांनी कामगारांना जेवू घातले. स्वतः मात्र त्या सावकाराच्या कर्जात होत्या. गोवा मुक्तिलढ्यातल्या आणि कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी हे हेरले आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवून दिली. तारण ठेवायला बायकांकडे काही नव्हते. ठरलेले मेंबर आणि ठरलेला दर एवढीच त्यांची पत, आणि पतपुरवठा करणाऱ्याला ती समजण्याजोगी होती.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप मात्र महिन्या-दोन महिन्यांत मिटणारा नव्हता. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, हळूहळू कित्येक जण गावाकडे परतले. वाटसरूंना जेवू घालणारे हॉटेल गिऱ्हाईक बदलून तगते. खाणावळीचे सारे गणित मात्र त्याच त्या वीस माणसांवर उभे होते. ती गेली आणि त्यांच्या नावावरची उधारी त्या बाईकडे राहिली.