मोरचुदातलं पाणी

तासगावकडच्या द्राक्षबागांत केवडा रोग येऊ नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी फवारतात. त्या निळ्या खड्याचं नाव कसकसं बदललं, ते आज सांगतो.

जुन्या वैद्यांनी त्याला मयूरतुत्थ म्हटलं, शिखिग्रीव म्हटलं. शिखिग्रीव म्हणजे मोराची मान. नाव गोड, पण त्यातून रंग तेवढा कळतो, आत काय आहे ते नाही. युरोपातही तसंच होतं. १७८७ साली पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ठरवलं, की नावातच घटक सांगायचे. म्हणून कॉपर सल्फेट. लाव्हाझिएंच्या १७८९ च्या ग्रंथातली उपकरणांची चित्रं त्यांच्या पत्नी मारी-आन यांनी काढली होती, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

पुढे स्वीडनच्या बर्झेलियस यांनी लॅटिन नावांची आद्याक्षरं घेतली. तांबं म्हणजे कुप्रम, म्हणून सी-यू. मोरचुदाचं सूत्र सी-यू-एस-ओ-४: तांबं एक, गंधक एक, ऑक्सिजन चार. त्याला जोडून पाण्याचे पाच रेणू. खडा तापवला की पाणी उडतं आणि निळा रंग जाऊन पांढरी पूड उरते. म्हणजे किलोभर मोरचूद आणला तर त्यात सुमारे ३६० ग्रॅम पाणीच!

आपल्या वाईत मराठी विश्वकोश घडला, पहिला खंड १९७६ चा. त्यात ऑक्सिजन, हायड्रोजन हीच नावं ठेवली. आम्हाला ते पटतं, कारण पाकिटावरही तीच असतात. दुकानात नुसतं 'सोडा द्या' म्हटलं तर खाण्याचा की धुण्याचा, हे कोण सांगणार? खाण्याच्या सोड्याच्या सूत्रात हायड्रोजनचा एच असतो, धुण्याच्या सोड्यात, जोडलेलं पाणी सोडलं तर, नसतो.

बोर्डोची गोष्ट तर गमतीची. फ्रान्समध्ये वाटेकडेच्या वेलींना चोरांच्या भीतीने निळं-हिरवं काही फासत. त्याच वेलींवर रोग कमी दिसला, हे मिलार्दे यांनी हेरलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं.

एक टक्का मिश्रणाला मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी १०० लिटर. पिंप प्लॅस्टिकचं घ्यायचं. लोखंड नको, कारण लोखंड स्वतः विरघळून तांब्याला बाहेर काढतं. पण हाच गुण तपासायला कामी येतो. तयार मिश्रणात विळ्याचं टोक थोडा वेळ बुडवायचं. तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, पानं करपतील. मग चुन्याची निवळी घालायची आणि विळा पुसून पुन्हा बुडवायचा.