कापूस आधी गेला

वरवट बकालहून पुण्याला जायचं तर आधी शेगाव गाठावं लागतं. मधे पूर्णा ओलांडायची. 2018 च्या जुलैत मी तो पूल ओलांडला तेव्हा मला सत्तेचाळीस पुरी झाली होती. काळीपिवळीच्या टपावर माझी गादी बांधलेली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काहून, पोराले शिकाले सोडाले चालले का?"

"नाई बाबा, मीच चाललो."

म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा खिडकीबाहेर. शेगाव येईपर्यंत तो काही बोलला नाही.

त्याचं तरी काय चुकलं? आमच्याकडं गाव सोडतात ती पोरं. बारावी झाली की अकोला, नाहीतर पुणं. बाप त्यांना पोचवायला जातो अन् दुसऱ्या दिवशी परत येतो. बापच एकटा निघाला, याला आमच्या बोलीत नीट शब्दही नाही. कोकणातल्या माणसाला असलं काही सांगावं लागत नाही. तिथं "मुंबईला असतात" एवढं म्हटलं की झालं.

त्याचं कारण मला वाटतं कापसात आहे. मुंबईत पहिली कापड गिरणी 1854 मध्ये काढली गेली. गिरण्या वाढल्या तशी रत्नागिरी, सातारा या बाजूंची माणसं तिथं लोटली. बायकापोरं गावी अन् गडी मुंबईत. 1921 च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास होत्या. त्या एकट्या गड्यांसाठी मग गिरणगावात खाणावळी झाल्या, गावोगावची मंडळं झाली. एका खोलीत कितीतरी जण राहायचे, दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर पाठ टेकायचा. गावाकडच्या बाईलाही मनिऑर्डरीवर घर कसं चालवायचं ते सासूकडून शिकायला मिळायचं.

आम्ही वऱ्हाडी त्या गर्दीत थोडे. आमच्याकडून माणूस गेला नाही, कापूस गेला. 1861 ते 65 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला अन् विलायतेतल्या गिरण्यांची नजर इकडं वळली. वऱ्हाडाच्या कापसाला त्या बाजारात उमरावतीवरून 'ऊमरा' म्हणत. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, ती शेगावावरूनच. 1870 मध्ये जलंब ते खामगाव फाटा सुरू झाला तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावात आले होते. एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा माणूस! कापसासाठीच आला म्हणायचा. जिन निघाले, प्रेस निघाले. सरकी इथं राहिली अन् रुईच्या गाठी गाडीत बसून मुंबईला गेल्या. माझे आजोबा बैलगाडीत कापूस घालून शेगावला न्यायचे, गाडी रिकामी करून परत यायचे. रेल्वेत ते कधी बसलेच नाहीत.

आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीचं पाणी खारं, ते पिकाला चालत नाही अन् माणसाला तर त्याहून नाही. म्हणून पाऊस आणि पऱ्हाटी एवढ्यावरच संसार. 2017 ला पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली, बोंडं लगडली, अन् बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. दुसऱ्या वेचणीनंतर मी वावरात ढोरं सोडली. थोरली अकोल्याला शिकत होती, धाकटा दहावीत. पोराला कामाला धाडायचं की आपण जायचं, असा हिशेब होता. त्या रात्री आम्ही दोघं नवराबायको फार बोललो नाही. सकाळी मायनं घरच्या कापसाची गादी पिंजाऱ्याकडून भरून आणायला लावली. "सिमिटावर निजू नको बापू," म्हणाली.

महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पहाटेच्या अंधारात पुण्यात उतरलो. वाकडला एका सोसायटीच्या गेटवर काम लागलं, बारा तासांची पाळी. राहणं कॉट बेसिसवर, चौघांत दोन कॉट. मी पहाऱ्याला गेलो की माझ्या गादीवर नांदेडकडचा एक पोरगा निजायचा. गिरणगावातली ती खोली मी पुस्तकात वाचली होती, ती वाकडला प्रत्यक्ष भेटली. फक्त तिथली माणसं अठराव्या-विसाव्या वर्षी आलेली असत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, अन् त्यातले किती तरी चाळिशी-पन्नाशीचे गडी गावाकडं परतले. त्या वयात मी उलटा निघालो होतो.

गावात मी 'भाऊ' होतो, इथं सगळ्यांचा 'काका' झालो. रजिस्टर लिहायला शिकलो. 'मले-तुले' म्हटलं की पोरं हसायची, म्हणून जीभ वळवली. एकदा फोनवर बोलताना बायको मधेच थांबली. "तुमी आता 'मला' म्हनता?" तिचं तेवढं बोलणं महिनाभर डोक्यात राहिलं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. गाड्या बंद. आम्हा गेटवाल्यांना तर सुट्टीच नाही. मे गेला, मृग आला. सातबारा माझ्या नावावर, अन् मी साडेचारशे किलोमीटरवर दुधवाल्याच्या हातावर सॅनिटायझर ओततोय. एका सकाळी तिचा फोन आला. "यंदा पऱ्हाटी नाई लावत. तूर अन् सोयाबीन. बियाणं आणलं."

"मले इचारलं नाई?"

"इचारू कोणाले? तुमी तं गेटवर."

तिच्या आवाजात राग नव्हता. मलाच काय बोलावं सुचेना. तीन पिढ्यांत आमच्या वावरात पऱ्हाटी नाही असं वर्ष झालं नव्हतं, अन् कोणत्या वावरात काय पेरायचं ते बाईनं ठरवलं असंही झालं नव्हतं. तिनं ठरवलं, पेरलं, डवरलं. दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा सोयाबीन विकून पैसे खात्यात पडलेले होते. शेजारचा एक जण खताचं विचारायला आला, तो सरळ तिच्याशीच बोलला. मी बाजेवर बसून ऐकत होतो. मायनं माझ्यासाठी चहा ठेवला, पाव्हण्याला ठेवतात तसा, कपबशीत.

त्या वर्षापासून घरचा कापूस असा उरलाय तो त्या गादीतच. आता तिच्यात गोळे झालेत, मधे खड्डा पडलाय. वाकडात पिंजारी शोधला, सापडला नाही. परवा बायकोला सांगितलं तर म्हणाली, "घेऊन या इकडं. पिंजून भरून देऊ."

जनरल डब्यात गादी चढू देतील की नाही, ते आता विचारायला हवं.