जेम्स वॅटची सनद

शोध लावणाऱ्या मनुष्यापुढें दोन प्रश्न उभे राहतात. शोध कसा लागेल हा पहिला, आणि लागल्यावर त्याचें करावें काय हा दुसरा. पहिल्याची चर्चा शास्त्रीय ग्रंथांतून भरपूर आढळते. दुसऱ्याकडे फारसें कोणी वळत नाहीं. क्यूरी पतिपत्नींनीं रेडियम वेगळें काढण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें नाहीं. आचार्य जगदीशचंद्र बसु यांनीं मित्रमंडळींच्या आग्रहास्तव १९०४ सालीं अमेरिकेंत एक पेटंट मिळविलें खरें, पण त्यावर द्रव्य जोडण्याच्या भरीस ते पडले नाहींत. अशीं उदाहरणें ऐकलीं म्हणजे पेटंट न घेणें हीच थोरवी आणि घेणें हा लोभ, असा समज सहज होतो. हा समज कितपत टिकतो तें पाहावयाचें असल्यास वाफेच्या यंत्राच्या इतिहासाकडे वळावें. जेम्स वॅटनें आपल्या शोधाची सनद घेतली, ती एकतीस वर्षें राखली, आणि तिच्यापायीं जितकें मिळविलें तितकेंच भोगलें.

पेटंट या शब्दाचा मूळ अर्थ ‘उघडें पत्र’. सर्वांनीं वाचावें म्हणून इंग्लंडचा राजा मोहोर लावून जें आज्ञापत्र देई तें पेटंट. म्हणजे आपल्याकडील सनदच म्हणावयाची. एलिझाबेथ राणीच्या काळीं मीठ आणि खेळावयाचे पत्ते असल्या साध्या जिनसांचे मक्तेदेखील अशा सनदांनीं मर्जींतल्या लोकांस मिळत. या जाचाला कंटाळून पार्लमेंटनें १६२४ सालीं मक्ते बंद करण्याचा कायदा केला. त्यांत एक अपवाद ठेवला. नवी कारागिरी प्रथम शोधून काढणारास ती चौदा वर्षें एकट्यानें चालविण्याची मोकळीक देण्यांत आली. पुढें अठराव्या शतकांत अशी अट रूढ झाली कीं, सनद मिळाल्यावर ठराविक महिन्यांत शोधाचें वर्णन लिहून सरकारांत दाखल करावें. व्यवहार मोठा न्यायाचा आहे. शोधकानें आपलें गुपित समाजास सांगावें, समाजानें कांहीं वर्षें त्याची राखण करावी, आणि मुदत सरतांच तें सर्वांच्या मालकीचें व्हावें.

वॅट हा ग्लासगो विद्यापीठासाठीं शास्त्रीय उपकरणें करणारा व दुरुस्त करणारा कारागीर. १७६३-६४ च्या हिवाळ्यांत न्यूकोमेनच्या पंपाचा एक लहान नमुना त्याच्याकडे दुरुस्तीस आला. खाणींतील पाणी उपसणारीं हीं यंत्रें १७१२ पासून चालत आलीं होतीं, पण तीं कोळसा अतोनात खात. ज्या नळकांड्यांत वाफ भरावयाची त्यांतच गार पाण्याचा फवारा सोडून ती निववावयाची. त्यामुळें दर खेपेस नळकांडें निवे आणि तें पुन्हां तापविण्यांत बहुतेक वाफ खर्ची पडे. वाफ निववण्यासाठीं वेगळें भांडें जोडलें तर मूळ नळकांडें सदा तापलेलें राहील, ही कल्पना वॅटला १७६५ च्या वसंत ऋतूंत, एका रविवारीं शहरांतील हिरवळीवर फिरत असतां सुचली.

कल्पना सुचली, पण यंत्र कोठें होतें? गांठीं पैसा नाहीं, गोल व गुळगुळीत नळकांडें घडविणारा कारागीर जवळपास नाहीं, आणि प्रयोगांपायीं कर्ज मात्र वाढत चाललेलें. प्रोफेसर जोसेफ ब्लॅक यानें त्याला उसनवार पैसे दिले, आणि पुढें जॉन रोबक या कारखानदाराशीं त्याची गांठ घालून दिली. रोबकनें सुमारें हजार पौंडांचें कर्ज आपल्या शिरावर घेतलें, सनदेचा खर्च पत्करला, आणि मोबदल्यांत शोधाची दोन तृतीयांश मालकी घेतली. सनद घ्यावी कीं न घ्यावी याचा निकाल येथेंच लागला. गुपित राखणें शक्य नव्हतें. खाणीच्या तोंडाशीं उभें राहणारें धूड कोणीही चौकस लोहार पाहून जाता. शोध फुकट जाहीर करावा, तर जो अजून कागदावरच आहे त्यांत पैसा घालणार कोण? वॅटला द्रव्य नको होतें असें नाहीं. पण सनद नसती तर रोबकला विकत घेण्याजोगें त्याच्यापाशीं कांहींच नव्हतें. ५ जानेवारी १७६९ रोजीं सनद मिळाली.

आतां वर्णन लिहावयाचें होतें, आणि मुदत होती चार महिन्यांची. बर्मिंगहॅमचा डॉक्टर विल्यम स्मॉल हा वॅटचा स्नेही. त्यानें पत्रानें सल्ला दिला कीं, नकाशे जोडूं नयेत, विशिष्ट यंत्राचें वर्णनही करूं नये; आपण अमुक तत्त्वें शोधिलीं आहेत एवढेंच स्पष्ट शब्दांत सांगावें. सल्ला धूर्तपणाचा होता. यंत्राचा नकाशा दिला तर प्रतिस्पर्धी एखादा दांडा इकडचा तिकडे करून निसटणार; तत्त्वच आपलें म्हटलें तर निसटावयास वाट कोठें? वॅटनें तो मानला. एप्रिलअखेर दाखल झालेल्या त्या कागदांत नळकांडें तापलेलें ठेवणें व वाफ वेगळ्या भांड्यांत निववणें हें तर आलेंच. पण वाफेच्या प्रसरणाच्या जोरानेंच दट्ट्या ढकलण्याचा आपला मानस आहे, असेंही कलम त्यानें घातलें. आपल्या शेताबरोबर शेजारच्या पडीक रानालाही कुंपण घालून ठेवावें, त्यांतला हा प्रकार.

सनद हातीं आली तरी यंत्र धड चालेना. पोटासाठीं वॅट कालव्यांची मोजणी करीत हिंडत होता. १७७३ सालीं रोबकचें दिवाळें निघालें, तेव्हां त्याच्या इतर धनकोंना हा हिस्सा कवडीमोलाचा वाटला. बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याचे रोबककडे बाराशें पौंड येणें होते. त्यानें तेवढ्यावर पाणी सोडून हिस्सा आपल्याकडे घेतला. बोल्टनची दृष्टि लांबची होती. पूर्वीं रोबकनें त्याला तीन परगण्यांपुरता परवाना देऊं केला होता, तेव्हां यंत्रें करावयाचीं तर साऱ्या जगासाठीं, असें कळवून त्यानें तो नाकारला होता. आतां हिशेब मांडतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं, चौदा वर्षांपैकीं सहा एका यंत्रावांचून सरलीं. कारखाना उभारून पैसा फिटेपर्यंत उरलेलींही सरतील. म्हणून दोघे पार्लमेंटकडे गेले. मक्तेदारी वाढवूं नये म्हणून एडमंड बर्कसारख्यानें विरोध केला, तरी १७७५ च्या मे महिन्यांत खास कायदा होऊन मुदत तेव्हांपासून पंचवीस वर्षें, म्हणजे १८०० पर्यंत, वाढली.

येथवर वॅटच्या बाजूचा न्याय उघड आहे. १७७६ सालीं पहिलीं यंत्रें सुरू झालीं, आणि लवकरच तीं कॉर्नवॉलच्या तांब्याच्या व कथलाच्या खाणींवर गेलीं. त्या प्रांतांत कोळसा नाहीं. तो वेल्समधून समुद्रमार्गें आणावा लागे. त्यामुळें कोळशाची बचत तेथें जिवाभावाची होती. बोल्टन व वॅट यांनीं आकारणीही कल्पकतेनें ठरविली. जुन्या यंत्राच्या मानानें जेवढा कोळसा वांचेल त्याच्या किंमतीचा तिसरा हिस्सा सनदवाल्यांचा, दोन हिस्से खाणवाल्यांचे. यंत्राचे हेलकावे मोजण्यासाठीं कुलूपबंद मोजणीयंत्र बसविलें जाई. आरंभीं खाणवाले खूष होते. परंतु अँगलसी बेटांतील नव्या खाणीमुळें तांब्याचा भाव घसरला. मग वांचलेला कोळसा कोणी आठवेना, दरमहा द्यावी लागणारी रक्कम मात्र सर्वांना सलूं लागली.

इतक्यांत वॅट स्वतःच दुसऱ्याच्या कुंपणाला अडला. पंपाच्या खालींवर गतीपासून चाक फिरविण्याचा सरळ उपाय म्हणजे भुजा, जी चरख्याला व कातकामाच्या यंत्राला पूर्वापार असे. पण वाफेच्या यंत्राला ती लावण्याची सनद जेम्स पिकार्डनें १७८० सालीं घेतली. भांडून ती सनद मोडतां आली असती. वॅटनें भांडण केलें नाहीं. दुसऱ्याच्या सनदेवर हत्यार उगारलें तर आपल्याही सनदेकडे लोकांची नजर वळेल, असा विचार त्यामागें दिसतो. त्याऐवजीं १७८१ सालीं त्यानें दांत्यांच्या चाकांची आडवळणाची योजना पेटंट करून वापरली. बड्या शोधकालाही साध्या वस्तूसाठीं हा वळसा घ्यावा लागला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

इतरांचे वळसे याहून लांबचे होते. जोनाथन हॉर्नब्लोअरनें १७८१ सालीं दोन नळकांड्यांच्या यंत्राची सनद घेतली. योजना भावी काळाची होती. पण वाफ निववावयास वेगळें भांडें हवेंच, आणि तें वॅटचें. १७९२ सालीं त्यानें आपली मुदत वाढवून मागितली, तेव्हां बोल्टन व वॅट यांनींच विरोध करून ती मिळूं दिली नाहीं. सतरा वर्षांपूर्वीं तीच कृपा त्यांनीं स्वतः पदरांत पाडून घेतली होती. १७९३ सालीं त्यांनीं एडवर्ड बुल या कॉर्नवॉलच्या कारागिरावर फिर्याद केली, आणि मग स्मॉलच्या सल्ल्याची दुसरी बाजू उघडी पडली. प्रतिपक्षाचें म्हणणें असें पडलें कीं, या कागदांत यंत्र नाहींच, नुसतीं तत्त्वें आहेत, आणि तत्त्वाची सनद होऊं शकत नाहीं. १७९५ सालीं चार न्यायाधीशांत दोघे एकीकडे व दोघे दुसरीकडे, असा तिढा पडला. दुसऱ्या एका खटल्यांत १७९९ च्या जानेवारींत वरिष्ठ न्यायालयानें सनद खरी ठरविली, तेव्हां तिचें आयुष्य दोन वर्षांहून कमी उरलें होतें. ज्या मोघमपणानें सनद रुंद झाली, त्यानेंच ती बुडण्याच्या बेतास आली होती.

१८०० नंतर काय झालें? कॉर्नवॉलमध्यें पहिलीं कांहीं वर्षें यंत्रांची निगा ढिलावली. मग १८११ पासून लीन नांवाच्या जाणत्या पुरुषानें, कोणत्या खाणीवरील यंत्र किती कोळशांत किती पाणी उपसतें, याचें मासिक पत्रक काढण्यास आरंभ केला. प्रत्येक कारागिराची करामत व नामुष्की सर्वांपुढें येऊं लागली. रिचर्ड ट्रेव्हिथिकनें १८१२ सालीं व्हील प्रॉस्पर खाणीवर चढ्या दाबाच्या वाफेचें यंत्र उभारलें, आणि त्याची सनद घेतली नाहीं. एकानें केलेली सुधारणा दुसऱ्यानें उचलावी, तिच्यांत भर घालावी, असा क्रम पडला. चाळीस वर्षांत तेथील उत्तम यंत्रें वॅटच्या यंत्राहून तितक्याच कोळशांत तिप्पट-चौपट काम देऊं लागलीं. चढ्या दाबाची वाफ वॅटला धोक्याची वाटे. त्यानें ती स्वतः वापरली नाहीं आणि त्याच्या कुंपणामुळें इतरांचेंही धैर्य खचलें.

म्हणून वॅटनें सनद घेतली यांत चुकलें असें म्हणवत नाहीं. ती नसती तर रोबक आला नसता, बोल्टन आला नसता, आणि ती कल्पना ग्लासगोच्या हिरवळीवरच राहती. कोळसा महाग असल्यामुळें कॉर्नवॉलची प्रगति थोडीफार आपोआपही झाली असती, हेंही मान्य केलें पाहिजे. दोष आहे तो मापाचा. जें केलें त्याबरोबर जें केलें नाहीं तेंही आपलें म्हणणें, आणि मूळ पैसा फिटल्यावरही राखण न उठविणें, हे ते दोन दोष. पहिला त्या कागदाच्या शब्दांतून उपजला, दुसरा पार्लमेंटच्या औदार्यांतून.

हा धडा पुढील कायद्यांनीं बराचसा घेतला. आपल्या देशांत पेटंटचा पहिला कायदा १८५६ सालचा. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या डी पेनिंग यांचा, पंखा ओढण्याच्या यंत्रासाठीं होता. आज चालू असलेल्या १९७० च्या कायद्यान्वयें शोधकाला शोधाचें पूर्ण वर्णन, आणि त्याला माहीत असलेली सर्वोत्तम कृतिही लिहून द्यावी लागते. मुदत अर्जापासून वीस वर्षांची आहे. स्मॉलचा सल्ला आज उघडपणें चालणार नाहीं. तरी कायद्याच्या शब्दांत मोकळें रान नेहमींच थोडें उरतें, आणि त्याला कुंपण घालावें कीं नाहीं हें शेवटीं अर्ज लिहिणाराच ठरवितो. आपल्या घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्यां असा कागद लिहावयास बसल्यास, सनद घेऊं नको असें वडीलधाऱ्यांनीं सांगण्याचें कारण नाहीं. जेवढें तूं स्वतः नांगरलें आहेस तेवढ्यालाच कुंपण घाल, एवढें मात्र अवश्य सांगावें.