तबकडीचे कुलूप आणि प्रतीक्षेचे राजकारण
(१९९६–२०१६)

मुद्रित ग्रंथ वाचकाच्या हाती पडला की प्रकाशकाशी असलेला त्याचा व्यवहार संपतो. ग्रामोफोनच्या तबकडीचेही तसेच होते. चित्रपटांच्या अंकीय तबकडीने मात्र हा संकेत मोडला. रीतसर मूल्य देऊन घेतलेली तबकडी लागावी म्हणून ग्राहकास दुसऱ्या कोणाकडून येणाऱ्या सॉफ्टवेअर अपडेटची वाट पाहत बसावे लागू लागले. ही प्रतीक्षा कोणाच्या ढिलाईमुळे उद्भवली नसून कुलपाच्या रचनेतच ती अनुस्यूत होती, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१

१९९६ मध्ये डीव्हीडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर सीएसएस नावाचे कुलूप घातलेले होते. त्याची किल्ली अवघी ४० बिटांची होती, आणि परवानाधारक निर्मात्यांना आपापल्या प्लेअरसाठी स्वतंत्र किल्ल्या दिलेल्या होत्या. झिंग या कंपनीच्या सॉफ्टवेअर प्लेअरमधील किल्ली पुरेशी झाकलेली नव्हती. तिच्या आधारे ऑक्टोबर १९९९ मध्ये डीसीएसएस हा कुलूप उघडणारा प्रोग्राम प्रसृत झाला. पाठोपाठ फ्रँक स्टीव्हन्सन याने या सांकेतिक रचनेचे विश्लेषण करून अन्य किल्ल्याही हुडकता येतात हे दाखवून दिले. त्यामुळे एक किल्ली बाद करून भागण्यासारखे राहिले नाही.

यानंतर लढा न्यायालयात गेला. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडण्याच्या साधनांचा प्रसार निषिद्ध ठरविला होता. त्यानुसार न्यायाधीश कॅप्लन यांनी २००० मध्ये ‘२६००’ या नियतकालिकाविरुद्ध निर्णय दिला, आणि २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. उलट नॉर्वेमध्ये योन लेक योहानसेन हा तरुण २००३ मध्ये दोन्ही न्यायालयांत निर्दोष ठरला. स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहण्यासाठी ती उघडणे हा गुन्हा नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. तथापि निर्णय कोणताही लागो, विकल्या गेलेल्या तबकड्यांवरील कुलूप बदलणे कोणाच्याच हाती नव्हते. उद्योगाने या अनुभवातून घेतलेला धडा हाच की, पुढचे कुलूप बदलता येण्याजोगे हवे.

२

एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या दोन प्रतिस्पर्धी तबकड्यांसाठी आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मात्सुशिता, सोनी, तोशिबा, डिस्ने व वॉर्नर या आठ कंपन्यांनी मिळून एएसीएस ही पद्धती सिद्ध केली. तिचा गणिती पाया फियाट व नाओर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या संशोधनात आणि त्याच्या २००१ मधील विस्तारात आढळतो. प्रत्येक प्लेअरला किल्ल्यांचा एक संच देण्यात येतो. प्रत्येक तबकडीवर किल्ल्यांचा एक कोष्टकरूपी भाग असतो, आणि या दोहोंच्या संयोगातून तबकडीची मूळ किल्ली निघते. एखाद्या प्लेअरचे गुपित फुटले की पुढील तबकड्यांवरील कोष्टक असे बदलावयाचे की त्या प्लेअरला मूळ किल्ली काढताच येऊ नये.

येथे दोन परिणाम लक्षात घेतले पाहिजेत. पहिला असा की, जुन्या तबकड्यांवरील कोष्टक बदलत नसल्याने त्यांचे फुटलेले गुपित कायमचे फुटलेले राहते. दुसरा परिणाम ग्राहकाच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. नवी तबकडी संगणकात घातली की तिच्यावरील बहिष्कृतांची यादी ड्राइव्ह आपल्या स्मृतीत साठवतो. मग बहिष्कृत सॉफ्टवेअरला जुन्या तबकड्यादेखील त्या ड्राइव्हवर लावता येत नाहीत. काल चालत असलेला संग्रह आज बंद पडतो आणि तो अपडेट येईपर्यंत बंद राहतो.

३

या यंत्रणेची पहिली कसोटी लवकरच लागली. डिसेंबर २००६ मध्ये ‘म्युस्लिक्स६४’ या टोपणनावाच्या व्यक्तीने संगणकाच्या स्मृतीतून चित्रपटांच्या किल्ल्या काढून दाखविल्या. फेब्रुवारी २००७ मध्ये त्या काळच्या सर्वच तबकड्यांना लागू पडणारी एक किल्ली उघड झाली. एप्रिलमध्ये नियामक संस्थेने संबंधित सॉफ्टवेअर प्लेअरांच्या किल्ल्या बाद केल्याचे जाहीर केले, आणि विनडीव्हीडीच्या ग्राहकांना नवी आवृत्ती घेणे भाग पडले. ती किल्ली प्रसिद्ध करणाऱ्यांना संस्थेने नोटिसा धाडल्या, तेव्हा १ मे रोजी डिग या संकेतस्थळाच्या वाचकांनी ती ३२ अंकाक्षरांची किल्ली इतक्या वेळा छापली की चालकांना माघार घ्यावी लागली. नवे कोष्टक असलेल्या तबकड्या मे महिन्याच्या उत्तरार्धात बाजारात आल्या. तथापि अँटिग्वा येथील स्लायसॉफ्ट या कंपनीच्या एनीडीव्हीडी एचडी या प्रोग्रामने त्याआधीच तेही कोष्टक उलगडले होते. तात्पर्य, सुमारे तीन महिन्यांच्या तयारीने बसविलेले कुलूप तबकडी दुकानात पोहोचण्यापूर्वीच निकामी झाले.

४

ब्लू-रेच्या पक्षाकडे बीडी प्लस हे दुसरे शस्त्र होते. यात प्रत्येक तबकडीवर एक छोटा प्रोग्राम असतो. तो प्लेअरमधील आभासी यंत्रावर चालतो आणि प्लेअर विश्वासार्ह आहे की नाही हे तपासतो. हे कुलूप दहा वर्षे तरी टिकेल, असे भाकीत २००७ मध्ये एका उद्योग-विश्लेषकाने केले होते. ऑक्टोबर २००७ मध्ये पहिल्या तबकड्या आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅक्रोव्हिजनने हे तंत्र सुमारे साडेचार कोटी डॉलर देऊन विकत घेतले, आणि मार्च २००८ मध्ये एनीडीव्हीडीच्या नव्या आवृत्तीने ते उघडले. पुढे तबकडीवरील प्रोग्राम नव्याने लिहिला जाई, आणि मग स्लायसॉफ्टचे ग्राहक अपडेटची वाट पाहत. विशेष हे की, त्या पहिल्या तबकड्या काही घरगुती प्लेअरांवरही नीट चालल्या नाहीत, आणि कायदा पाळणाऱ्या ग्राहकांनाही फर्मवेअरची प्रतीक्षा करावी लागली. कुलूप घालणारा व तोडणारा हे एकमेकांचे शत्रू खरे, परंतु ग्राहकाला वाट पाहावयास लावण्यात दोघांचाही वाटा होता.

ही गोष्ट २०१६ मध्ये अधिक स्पष्ट झाली. अँटिग्वातील खटल्यानंतर फेब्रुवारीत स्लायसॉफ्ट बंद पडली, आणि तिच्या सर्व्हरवर अवलंबून असलेल्या ग्राहकांची साधने पंगू झाली. पुढे रेडफॉक्स या नावाने तो प्रोग्राम पुन्हा अवतरला, हा भाग निराळा. दुसऱ्या बाजूस, त्याच वर्षी आलेल्या ४के ब्लू-रेला संगणकावर इंटेलच्या एसजीएक्स या सुविधेची अट घालण्यात आली. पुढे इंटेलने ग्राहकोपयोगी प्रोसेसरांच्या नव्या पिढ्यांतून ती सुविधाच काढून टाकली. ज्यांनी नवे यंत्र घेतले त्यांच्यासाठी मग कोणतेही अपडेट येणे शक्य राहिले नाही.

५

या इतिहासावरून एक निष्कर्ष काढता येतो. बदलता येणाऱ्या कुलपाने नक्कल थांबविली नाही, तिला काही आठवड्यांचा वा महिन्यांचा विलंब लावला. चित्रपटाची विक्री आरंभीच्या काळातच अधिक होत असल्याने उद्योगास एवढा विलंबही मोलाचा वाटला असावा. परंतु त्या विलंबाची किंमत म्हणून तबकडी ही पूर्ण वस्तू राहिली नाही. ती चालणे न चालणे हे तिच्याबाहेरील संस्थांच्या आयुष्यावर अवलंबून राहिले. संस्था विसर्जित होतात, ग्रंथालये व अभिलेखागारे मात्र शतकांचा हिशेब करतात. भारतीय कायद्याच्या २०१२ मधील दुरुस्तीने केवळ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे दंडनीय ठरविले आहे. संग्राहक आणि चोर यांच्यात भेद करण्यास तेथे जागा आहे. अपडेट पाठविणारा कोणीही उरणार नाही तेव्हा या तबकड्या कोण वाचणार, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने आजच विचारला पाहिजे. कारण उद्याची साधनसामग्री त्याच कुलपाआड पडून आहे.