रँसच्या कॅथीड्रलचे छप्पर

फ्रान्समधील रँस येथील नोत्र-दाम कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे आसन असलेले मुख्य चर्च, १२११ मध्ये बांधावयास घेतले गेले आणि १८२५ मध्ये दहाव्या चार्ल्सच्या मस्तकी मुकुट चढेपर्यंत बहुतेक फ्रेंच राजांचे राज्याभिषेक तेथेच होत आले. १९ सप्टेंबर १९१४ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्यात या वास्तूची जी हानी झाली, ती गोळ्यांपेक्षा आगीने अधिक केली. ती कशी, हे उमगण्यासाठी गॉथिक चर्चला एकावर एक अशी दोन छपरे असतात हे ध्यानात घ्यावे लागते. आतून दिसते ते दगडी कमानछत. त्याच्यावर पावसापासून रक्षणासाठी लाकडी सांगाडा असून त्यावर शिशाचे पत्रे जडवलेले असतात.

उत्तर मनोऱ्याभोवती दुरुस्तीसाठी बांधलेली लाकडी परांची प्रथम पेटली, तेथून ज्वाला १४८१ च्या आगीनंतर उभारलेल्या ओकच्या सांगाड्यात शिरल्या, आणि वितळलेले शिसे पशुमुखी पन्हळांतून, जेथून एरवी पावसाचे पाणी पडे, खाली ओघळू लागले. त्या पन्हळांपैकी काही, मुखात गोठलेल्या शिशासह, शेजारच्या ‘तो’ नावाच्या राजवाड्यात आजही जतन केलेली आहेत. आत जखमी जर्मन सैनिकांसाठी अंथरलेला पेंढाही पेटला. ज्यांच्या सैन्याने तोफा डागल्या त्याच सैन्याचे जखमी त्या आगीत सापडले, ही या घटनेतील सर्वांत विदारक बाब होय. चुनखडीच्या दगडाला तीव्र आच लागली की त्याचा चुना होऊ लागतो, त्यामुळे दर्शनी भागातील अनेक मूर्तींचे पापुद्रे सुटले. ‘हसरा देवदूत’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या मूर्तीचे मस्तक तुटून खाली पडले, आणि त्याचे जमा केलेले तुकडे सांधून ते १९२६ मध्ये पुन्हा बसविण्यात आले.

१९०७ च्या हेग करारानुसार धर्मस्थाने, त्यांचा लष्करी वापर होत नसेल तर, शक्य तोवर वाचविणे मारा करणाऱ्यांवर बंधनकारक होते. म्हणूनच मनोऱ्यावर फ्रेंचांचे टेहळणीचे ठाणे होते असे जर्मनांनी म्हटले आणि फ्रेंचांनी ते नाकारले. मारा मात्र थांबला नाही, आणि पुढे १९१७-१८ मध्ये आगीतून वाचलेले दगडी कमानछतही गोळ्यांनी ठिकठिकाणी फुटले.

युद्धानंतरच्या जीर्णोद्धाराचे काम रँसचेच सुपुत्र असलेले वास्तुतज्ज्ञ आंरी दनू यांच्याकडे आले, आणि त्यासाठी अमेरिकेतील धनिक रॉकफेलर यांनी मोठे साहाय्य दिले. दनू यांनी ओकचा सांगाडा जसाच्या तसा पुन्हा उभारला नाही, आणि तो निर्णय योग्यच म्हटला पाहिजे, कारण जुन्या लाकडाची हुबेहूब नक्कल म्हणजे पुढच्या आगीला आमंत्रण ठरले असते. सोळाव्या शतकातील फिलिबेर दलोर्म या वास्तुविशारदाने लांब तुळयांऐवजी लहान लाकडी तुकडे जोडून छत उभारण्याची जी रीत सांगितली होती, तीच त्यांनी सिमेंट-काँक्रीटमध्ये उतरवली: आधी ओतून घेतलेले छोटे तुकडे वर चढवून ते एकमेकांत गुंतवले, आणि सांधे ओकच्या पाचरांनी आवळले.