चिलखताखालचा कापूस

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातली चिलखते पाहताना आपले लक्ष लोखंडाकडे जाते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होते, हे मुलांनाही ठाऊक असते. पण लोखंडी कड्या तलवारीची धार अडवतात, घावाचा दणका नाही. म्हणून देशोदेशीचे योद्धे चिलखताखाली कापूस किंवा लोकर भरून शिवलेला जाड डगला घालत.

घाव १ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटर अंतरात थांबला, तर सरासरी बल एक दशांश होते. मात्र कापूस दबून त्याचे गठ्ठे होतात, तो घामाने भिजतो. आजच्या ‘स्पेसर’ कापडात विणलेले दोन पदर असतात आणि त्यांना जोडणारे पॉलिएस्टरचे ताठ तंतू. दणका बसताच तंतू वाकतात आणि बल फारसे न वाढता कापड दबत जाते. तंतू फार बारीक असले तर कापड लगेच चपटे होते. फार जाड असले तर दणका अंगापर्यंत पोचतो.

या कापडातून हवाही खेळते. आम्हाला हा गुण तितकाच मोलाचा वाटतो, कारण उकडते म्हणून खुंटीला टांगलेले चिलखत कुणालाच वाचवत नाही.